नुसतं पाणी मागणाऱ्या नलूताई

मुग्धाताईंचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होतो. "मी नलूमावशीची भाची बोलतेय," एवढंच त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं मला कळलं. नलूताईंचा स्वतःचा फोन असता तर तो 'बोल' या शब्दाने सुरू झाला असता. फोन त्यांनीच लावायचा आणि वर 'बोल' असं मलाच सांगायचं, ही त्यांची जुनी रीत. "सकाळी गेली... झोपेतच," मुग्धाताई म्हणाल्या. मी 'हो' म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. ह्यांना माझा नंबर कुठून मिळाला, हे आलं. मी ते विचारलंही. "मावशीच्या फोनशेजारी भिंतीवर लिहिलाय. दूधवाल्याच्या खाली आणि गॅसवाल्याच्या वर," त्या म्हणाल्या. मग मात्र सुरी खाली ठेवली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तरी नलूताईंबद्दल लिहायचं तर संशयापासूनच सुरुवात करावी लागते. आमची ओळख संशयातून झाली, संशयावर टिकली, आणि त्यातला एक संशय त्या सोबत घेऊन गेल्या.

मी पुसदकडचा. नववीत शाळा सुटली. का सुटली ते इथे सांगण्यासारखं नाही, जशी सगळ्यांची सुटते तशीच. गावातला एक जण पुण्यात कामाला होता, त्याच्या मागोमाग आलो. निघताना आईने एकच शिकवण दिली होती, "पुन्यात कोनी फुकट पानी बी पाजत नाही बाप्पा. जो पाजते त्याच्यापासून सावध राहाजो." पुण्यात तेव्हा सगळीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, संगणकवाल्या कंपन्यांच्या बसगाड्या फिरत होत्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी रस्ताभर दिसत होती. त्यांना खायला म्हणून कर्वे रस्त्यावर बर्गरचं एक मोठं दुकान निघालं, तिथे मी लागलो. आधी फरशी पुसायला, मग तळणीवर आणि एकदा माणसं कमी पडली म्हणून थेट काउंटरवर. छातीवर 'गजू' नावाचा बिल्ला, डोक्यावर लाल टोपी. गावाकडे सगळ्यांना सांगून बसलो होतो, की मी कंपनीत आहे. वारज्यातली खोलीसुद्धा दुकानाच्याच पोरांची. म्हणजे नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की परतीची बस. रात्रभराचा तो प्रवास मला स्वप्नातसुद्धा उलट्या दिशेनेच दिसायचा.

काउंटरवर एक ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी विचारायचं, "सोबत कोल्ड्रिंक देऊ का? मोठं करू का?" हे वाक्य चुकलं की सगळं चुकलं. कारण कंपनी अधूनमधून एक गुप्त ग्राहक पाठवायची. तो साध्या गिऱ्हाइकासारखा येणार, खाणार आणि मुंबईला अहवाल पाठवणार. काउंटरवरच्या मुलाने कोल्ड्रिंक विचारलं की नाही, हसून विचारलं की नाही, टेबल चिकट होतं का, सगळं त्यात येणार. कोण येणार, कधी येणार, कुणालाच ठाऊक नसे. आमचे मॅनेजर कुणालसर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "गजू, तुझं शिक्षण नाही, इंग्लिश नाही. मी तुला रिस्कवर उभं केलंय. रिपोर्ट खराब आला तर मला तुला घरीच पाठवावं लागेल, बॉस." झालं! त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईक मला मुंबईहून आल्यासारखं दिसू लागलं. भीतीने वाक्य तोंडात यायचं, पण अर्धं गिळलं जायचं.

आणि मग एक दिवस नलूताई आल्या. फिकट रंगाची कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा. सगळी तरुण पोरं काउंटरवरच्या पदार्थांच्या फळ्याकडे माना वर करून उभी, आणि ह्या फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघतायत. "सगळ्यात लहान बर्गर कुठला असेल तो द्या." मी वाक्य म्हटलं, म्हणजे त्यातलं जेवढं बाहेर आलं तेवढं. "काय म्हणालात?" मी पुन्हा म्हटलं. "नको. पाणी द्या." मी पाण्याची बाटली पुढे केली. "बाटलीतलं नको. तुम्ही पिता ते द्या." दुकान उघडल्यापासून असं कुणी मागितलं नव्हतं. लोक एवढ्या हौसेने यायचे ते बर्गरसाठी निम्मे आणि त्या बर्फ घातलेल्या फेसाळ कोल्ड्रिंकसाठी निम्मे. इथे येऊन पाणी पिणारं माणूस... आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

पाणी द्यायचं तर कशात द्यायचं, हीसुद्धा अडचणच. आमच्याकडे पेले कागदी, आणि ते कोल्ड्रिंकच्या हिशोबात धरलेले. जेवढे पेले गेले तेवढं कोल्ड्रिंक विकलं गेलं पाहिजे. पाण्यासाठी पेला दिला की दिवसाअखेरीला कोल्ड्रिंक चोरलं असं दिसणार, आणि आळ काउंटरवरच्या पोरावर येणार. मी चाचरत ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. "म्हणजे पाणी आहे, पण पेला नाही. छान." एवढं बोलून बर्गर तसाच कोरडा खाल्ला आणि गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या त्या पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढत. त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, 'कु. नलिनी परांजपे'. "हे इथेच ठेवा. दर वेळी कोण आणणार?" पाणी भरून दिलं तर त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, वास घेतला, आणि मगच ओठाला लावलं.

त्यानंतर दुकानात जी कुजबुज सुरू झाली ती विचारू नका. कुणालसरांनी आम्हाला मागच्या खोलीत बोलावलं. "हीच ती." तळणीवरच्या पोराने शंका काढली, "सर, गुप्त माणूस स्वतःच्या नावाचं भांडं कशाला आणेल?" कुणालसर हसले. "तेच तर! संशय येऊ नये म्हणून नाव घातलंय. आणि पाणी का मागते? पेल्याचा नियम पाळतो की नाही ते बघायला." आम्हाला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं. मग त्या दारात दिसल्या की टेबल पुसलं जाई, पंखा त्यांच्या बाजूला वळे, फुलपात्र लख्ख घासून ठेवलेलं असे. नलूताई हे सगळं बघत होत्या. आम्ही त्यांच्याकडे संशयाने बघायचो आणि त्या आमच्याकडे दुप्पट संशयाने. एकदा मी विचारलं, "मॅडम, आणखी काही आणू?" तर म्हणाल्या, "आधी हे सांगा, माझ्या गळ्यात काय मारायचं ठरलंय तुमचं? विमा की साखळी योजना?" दुसऱ्या खेपेला मी धीर करून विचारलं, "आपण काय करता, मॅडम?" तर उत्तर आलं, "बसते."

एकदा दुपारी दुकान रिकामं होतं. त्यांनी मला खुणेने टेबलापाशी बोलावलं. "ते तुमचं वाक्य म्हणून दाखवा." मी म्हटलं. "हेल तुमच्या गावचा आहे, तो राहू दे. हेलाने काही बिघडत नाही. तुम्ही वाक्य गिळता, ते बिघडतं. समोरच्याला तुमचं तोंड दिसतच नाहीये असं समजा आणि पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. "हं. आता विचारल्यावर थांबा. उत्तर येईपर्यंत हलायचं नाही, फळ्याकडे बघायचं नाही. माणसाला कळतं, समोरचा ऐकतोय की नुसता विचारतोय." मग बिल्ल्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि गजू काय? पूर्ण नाव सांगायला चोरी आहे का?" मी म्हटलं, "गजानन." "मग गजानन म्हणून उभं राहा." त्या दिवसापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या. मी मात्र घरी जाऊन रात्रभर विचार करत राहिलो, की ही परीक्षा होती की पेपर फुटला होता?

पुढच्या महिन्यात व्हायचं तेच झालं. कुणालसरांनी कॉलेजात शिकणारी एक मुलगी काउंटरवर आणली. फाडफाड इंग्रजी, हसरा चेहरा. मला पुन्हा फरशीवर पाठवलं आणि महिनाअखेरीचं बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी पोछा मारत असताना नलूताई आल्या. बर्गर घेतला, फुलपात्र मागितलं, त्या मुलीला ते सापडेना. कुणालसर धावत गेले, स्वतः पाणी भरून आणलं आणि हात जोडल्यासारखे उभे राहिले. "मॅडम, काही सजेशन?" नलूताईंनी पाणी उजेडात धरलं. "तो मुलगा कुठे आहे?" "त्याला जरा... ट्रेनिंगला घेतलंय." "असं होय! तो विचारल्यावर थांबायचा. ही छान बोलते, पण उत्तर ऐकून घेत नाही." एक घोट घेतला. "बघा बुवा. मला काय, मी पाणी पिणारी बाई." एवढंच. मी बादली घेऊन खांबाआड उभा होतो. दुसऱ्या मिनिटाला कुणालसरांनी माझ्या हातातला पोछा काढून घेतला आणि लाल टोपी डोक्यावर चढवली.

पुढे मुंबईचा अहवाल आला. कुणालसरांनी आम्हा सगळ्यांसमोर वाचला आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. गुप्त ग्राहक म्हणून आलेला होता एक गृहस्थ, सोबत लहान मुलगी, आणि त्यांनी सगळंच मोठं घेतलं होतं. कोल्ड्रिंकसुद्धा सगळ्यात मोठं! आमच्यापैकी कुणाला तो आठवेनासुद्धा. त्यात माझ्याबद्दल एकच ओळ होती, की काउंटरवरच्या मुलाने स्पष्ट विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. माझी नोकरी त्या ओळीने टिकली. कुणालसर कागद घडी करत म्हणाले, "मग ही बाई कोण?" मग माझ्याकडे वळले. "ते भांडं परत दे तिला." मी दिलं नाही. टोपी-कपडे ठेवायच्या माझ्या कप्प्यात ठेवलं. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा कुणी धावलं नाही, पंखा वळला नाही. मी कप्प्यातून फुलपात्र काढून भरून नेलं. त्यांनी टेबलावर बोट फिरवून पाहिलं, बोट चिकटलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज टेबल पुसलं नाहीत. निकाल लागला वाटतं?" मी चमकलो. "कसला निकाल?" "पाणी ठेव आणि जा. मागे गिऱ्हाईक आहे."

निकालाच्या ह्या एका वाक्याने मला कित्येक वर्षं झोपू दिलं नाही असं म्हणणं जास्त होईल, पण ते डोक्यातून गेलं नाही हे खरं. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक होतं तर त्या गप्प का राहिल्या? माझ्यासाठी? पण मी त्यांचा कोण? आईचं बोलणं आठवायचं. उपकार करणारा माणूस दिसला की मी आधी त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघायचो. त्या वर्षी दिवाळीत सुट्टी मिळाली नाही, गावी जाता आलं नाही. नलूताई म्हणाल्या, "पाडव्याला जेवायला ये. एरंडवण्यात घर आहे, जवळच." खोलीतल्या पोरांना सांगितलं तर ती गंभीर झाली. "एकटी बाई? नातेवाईक नाही? आणि तुलाच बोलावते? लेका, अशाच बोलावतात, पाण्यात गुंगीचं औषध देतात आणि किडनी काढतात. हिंजवडीला एकाची गेली." कुणाची गेली, ते कुणालाच सांगता येईना. पण मी जाताना त्यातल्या एका पोराला घराचा पत्ता देऊन गेलो आणि अंधार पडेपर्यंत परत आलो नाही तर चौकीत जा, असं बजावलं.

दोन जिने चढून गेलो. स्वच्छ, लहानसं घर. त्यांनी तांब्या-भांडं समोर ठेवलं. मी त्या पाण्याकडे बघत बसलो. उन्हातून चालत आल्याने घसा कोरडा पडला होता. शेवटी म्हणालो, "ताई, मला कोल्ड्रिंक चालेल." त्यांनी एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चपला घातल्या, पुन्हा दोन जिने उतरल्या, कोपऱ्यावरून बाटली घेऊन आल्या. ती माझ्यासमोर ठेवली, शेजारी ओपनर ठेवला. "शिक्का बघून घे. झाकण तूच उघड." माझे कान तापले, पण शिक्का मी पाहिलाच! मग त्यांनी तांब्यातलं पाणी स्वतः ओतून घेतलं, सवयीने उजेडात धरलं आणि माझ्यादेखत प्यायल्या. मी बाटली घटाघट संपवली आणि मला एक ढेकर आली... अशी, की पलीकडच्या घरातल्या माणसानेही ऐकली असावी. मी शरमेने उभाच राहिलो. आणि नलूताई हसायला लागल्या. ही कडक इस्त्रीची बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "आमच्याकडे असतास तर आजच घरी गेला असतास रे!" हसताहसता म्हणाल्या. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? ह्यांच्या जातीत? मी तेही मनात धरून ठेवलं. जेवण मात्र पोटभर जेवलो, कारण सगळं त्यांनीही त्याच भांड्यांतून वाढून घेतलं होतं. परत आलो तेव्हा खोलीतली पोरं माझी पाठ तपासायला उभीच होती.

पुढे ते दुकान बंद पडलं, कुणालसर कुठल्याशा मॉलमध्ये गेले. मी वारज्यातच नाश्त्याची छोटी टपरी टाकली. वडे, पोहे आणि आमच्याकडचा आलूबोंडा. टपरीचं पुढे दुकान झालं. टपरीच्या पहिल्याच दिवशी नलूताई रिक्षाने आल्या, एक वडा घेतला. मी जुन्या सवयीने विचारलं, "सोबत कोल्ड्रिंक देऊ का?" "गिळलं नाहीस. पाणी दे," त्या म्हणाल्या. फुलपात्र मी जपून आणलेलं होतंच. ते माठाशेजारी ठेवलं. तेव्हापासून त्या यायच्या, वडा खाऊन त्यात काय कमी आहे ते सांगायच्या, पाणी प्यायच्या, जायच्या. माझ्या लग्नात आल्या, मुलीच्या बारशाला आल्या. गुडघे गेल्यावर येणं थांबलं, मग तो 'बोल'वाला फोन सुरू झाला. एवढ्या वर्षांत मी त्यांना 'तुम्हाला ठाऊक होतं का' हे विचारलं नाही. विचारलं असतं तर 'बसते'सारखं एखादं उत्तर आलं असतं. आणि नाही म्हणाल्या असत्या, तर माझा विश्वास बसला नसता.

तेराव्याला मी गेलो. तोच जिना, तेच घर, भिंतीवर दूध आणि गॅसच्या मधे माझा नंबर. मुग्धाताईंनी विचारलं, "काय घेणार? चहा, सरबत?" मी पाणी म्हटलं. त्यांनी फुलपात्रातून आणून दिलं, तसंच, नाव घातलेलं. जोडीतलं दुसरं. बोलता बोलता मी सहज विचारलं, ताई नोकरी कुठे करायच्या. मुग्धाताई आश्चर्याने बघत राहिल्या. "तुम्हाला माहीत नाही? मावशी टेलिफोनमध्ये होती, ट्रंक एक्स्चेंजला. दिवसभर कानाला हेडफोन लावून बोर्डवर बसायचं, परगावचा आलेला कॉल जोडायचा. ठरलेली वाक्यं. आणि तुम्हाला गंमत सांगते, त्यांची सुपरवायझर मधूनच गुपचूप कुणाच्याही लाइनवर कान लावायची. कुणाच्या, कधी, कळायचं नाही. मावशी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच कॉल नीट जोडायचो. ड्यूटीवर सोडा, कोल्ड्रिंक काही प्यायचं नाही, फक्त पाणी. एकदा तिच्या मैत्रिणीला बोर्डवर ढेकर आली, ती नेमकी एका बड्या साहेबाच्या कानात! त्याच दिवशी घरी पाठवलं तिला. मग डायरेक्ट डायलिंग आलं, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले, बोर्ड बंद झाले. मावशीला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तिथे तिला करमेना, तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. पण कोल्ड्रिंक शेवटपर्यंत प्यायली नाही."

मी फुलपात्र खाली ठेवलं. ज्या बाईने उमेदीची सगळी वर्षं चोरून ऐकणाऱ्या कानाखाली काढली, तिला पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं असणार, की ही पोरं माझं टेबल का पुसतात. 'आमच्याकडे' म्हणजे कुठे, तेही आता कळलं. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलायच्या का?" "खूप. म्हणायची, गजानन अजून माझ्यावर संशय घेतो. मी म्हटलं, अगं मग एकदा स्पष्ट सांगून टाक ना त्याला काय ते. तर म्हणाली, घेऊ दे. एकटा आलाय इथे. त्याला संशय असलेला बरा." मग मुग्धाताईंनीच विचारलं, "काय सांगायचं होतं हो?" मी म्हटलं, "काही नाही... पाण्याचं होतं."

फुलपात्र अजून माठाशेजारीच आहे. सकाळी दुकान उघडलं की आधी ते घासून भरून ठेवतो, मग तेल तापवतो. परवा कुणी नवीन गृहस्थ आले. एक वडा-पाव मागितला. मी विचारलं, "सोबत कोल्ड्रिंक देऊ का?" आणि थांबलो. "नको, नुसतं पाणी," ते म्हणाले. एवढी वर्षं झाली तरी नुसतं पाणी म्हटलं, की माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांनी फुलपात्राकडे हात केला. मी म्हटलं, "ते राहू द्या, दुसऱ्यात देतो." गृहस्थांनी हात मागे घेतला. "का हो? त्यात काय आहे?" "पाणीच आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. मी दिलेला पेला त्यांनी घेतला, रस्त्याच्या बाजूला वळून उजेडात धरला, नाकाशी नेला, पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि मगच प्यायले.